माझ्या नावाचं बनावट खातं बंद करताना

‘आपण कळवलेल्या खात्यात आमच्या नियमांचे उल्लंघन आढळले नाही.’ हे वाक्य मला आता तोंडपाठ आहे. अजूनही आठवलं की डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून काढते आहे. कुणाला तरी उपयोग होईल.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका जुन्या पेशंटचा फोन आला, “मॅडम, ती पावडर जेवणाआधी घ्यायची की नंतर?” कुठली पावडर? मग कळलं की एका सोशल साइटवर माझ्या नावाने आणि माझाच फोटो लावून कुणीतरी खातं उघडलंय, आणि गुडघ्याचं ऑपरेशन टाळणारी पावडर तिथे विकली जातेय. खाली लोक माझे आभार मानत होते. हे पाहून अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या वर्षांत मी कुणाला व्यायामाशिवाय काही दिलेलं नाही.

पहिली अडचण अशी, की ते खातं मला दिसतच नव्हतं. असे लोक आधी मूळ माणसालाच ब्लॉक करतात. शोधून सापडत नाही, त्यामुळे तक्रारीचं बटणही दिसत नाही. मैत्रिणीच्या फोनवरून पाहिलं, स्क्रीनशॉट घेतले. ते घेताना वरचा पूर्ण पत्ता चित्रात आला पाहिजे. दिसणारं नाव कितीही जण सारखं ठेवू शकतात, पण खात्याची लिंक एकाचीच असते. ‘माझ्या नावाचं खातं’ एवढं लिहून भागत नाही, लिंक द्यावीच लागते.

मैत्रिणीने ‘फसवणूक’ या कारणाखाली तक्रार केली. उत्तर आलं: उल्लंघन आढळले नाही. दुसऱ्या सहकाऱ्याने ‘आरोग्याबद्दल चुकीची माहिती’ निवडलं. तेच उत्तर. माझे पेशंट चिडून धडाधड तक्रारी करायला लागले, त्यांनाही तेच. मला राग येत होता तो याचा, की पावडर खोटी आहे का, हे तपासत बसायची काही गरजच नव्हती. चेहरा माझा आहे आणि खातं माझं नाही, एवढंच पाहायचं होतं. पण जे कारण निवडाल तेवढंच तिथे तपासलं जातं. कारण ‘दुसऱ्या व्यक्तीची तोतयेगिरी’ हेच हवं, आणि तक्रार एखाद्या पोस्टची न करता अख्ख्या खात्याची हवी. ज्याचं नाव वापरलंय त्याने स्वतः केलेल्या तक्रारीला वजन असतं. शंभर शुभचिंतकांनी चुकीचं कारण निवडलं तर काही हलत नाही.

ब्लॉक झालेल्यांसाठी मदत विभागात वेगळा अर्ज असतो. तो बराच आत दडलेला असतो, पण सापडतो. त्यात ओळखपत्र मागतात, आणि माझी गाडी अडली ती नेमकी इथे. मी व्यवसाय माहेरच्या नावाने करते. पाटी, पावत्या, खातं, सगळीकडे तेच नाव. ओळखपत्रावर मात्र सासरचं. अर्ज परत आला: नाव जुळत नाही. पुन्हा भरला, पुन्हा परत. प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक, आणि समोरच्याला आधीचं काहीच माहीत नाही. फोन नंबर नाही, माणूस नाही. आणि तिकडे पावडर विकली जातच होती! त्या दिवसांत क्लिनिकमध्ये नवीन पेशंट समोर बसला की मनात पहिला विचार यायचा, याने ते खातं पाहिलं असेल का?

शेवटी सुटलं ते असं. नवा अर्ज भरणं बंद केलं आणि नकाराच्या ईमेललाच उत्तर दिलं, म्हणजे आधीचा क्रमांक तोच राहिला. सोबत माझं व्यवसाय नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं, त्यावर दोन्ही नावं आहेत. मजकूर चारच ओळींचा: माझं खातं हे, बनावट खातं ते, फोटो माझा, नाव दोन प्रकारे का दिसतं त्याचा पुरावा सोबत. पावडरीचा उल्लेखही केला नाही. ओळखपत्रावरचा क्रमांक झाकला होता, नाव आणि फोटो तेवढा उघडा ठेवला. साइटची हरकत नसेल तर तुम्हीही झाका.

त्याच वेळी दुसरी वाटही धरली होती, ती म्हणजे कॉपीराइटची. यातल्या बऱ्याच साइट्स अमेरिकी आहेत आणि तिथल्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यामुळे अशा तक्रारीची दखल त्यांना घ्यावी लागते. पण फोटोचा हक्क साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो, फोटोतल्या माणसाचा नाही. तो फोटो माझ्या नवऱ्याने काढलेला, म्हणून तो अर्ज त्याने भरला. फोटो आधी उतरला, खातं नंतर बंद झालं. ते पान उघडत नाही हे पाहिल्यावर मी खरोखर रडले.

एक सावधगिरी राहिली. कॉपीराइटच्या तक्रारीतलं तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं, तेव्हा घरचा ईमेल देऊ नका.

पेशंटना मी माझ्या खऱ्या खात्यावरून साधी सूचना दिली: मी औषध विकत नाही, निरोपातून पैसे मागत नाही. बनावट खात्याची लिंक तिथे टाकली नाही, उगाच आणखी लोक तिकडे गेले असते. लिंक्डइनवर २०२३ पासून ओळख पडताळून घेता येते, तीही करून घेतली. गूगल अलर्टमध्ये (नाव नव्याने कुठे दिसलं की ईमेल येतो) स्वतःची दोन्ही नावं टाकून ठेवली आहेत, आणि अधूनमधून आपला फोटो उलट शोधून पाहते, म्हणजे शोधात शब्दांऐवजी फोटोच टाकते. दुसऱ्या नावाने लावलेला फोटो नावाच्या शोधात सापडत नाही.

आणि खातं गेलं तरी गूगलच्या निकालात त्याची ओळ काही काळ दिसत राहते. त्यासाठी जुना झालेला मजकूर ताजा करून घ्यायचं गूगलचं वेगळं साधन आहे. मूळ पान खरोखर गेलेलं किंवा बदललेलं असेल तरच ते चालतं, म्हणून आधी खातं बंद होऊ द्या, मग तिथे लिंक टाका.