मऊ पडलेली नळी

लाल सिग्नलला मी गाडी थांबवली होती, एवढं पक्कं आठवतं. त्यानंतरचं आठवतं ते थेट 'ठक्'. ब्रेकवरचा पाय कधी सैल झाला, गाडी कधी हातभर पुढे सरकली आणि पुढच्या गाडीच्या बंपरला जाऊन कधी टेकली, यातलं काही म्हणजे काही मला माहीत नाही. पुढचे गृहस्थ भले होते. ओरखडा अंगठ्याने पुसून बघितला, "ताई, फोन बघत होता का?" एवढंच विचारलं आणि गेले. मी म्हटलं, "हो, चुकलंच." फोन पर्समध्ये होता आणि पर्स मागच्या सीटवर. पण सकाळी अकराला सिग्नलवर डोळा लागला, हे अनोळखी माणसाला सांगण्यापेक्षा फोनचा आळ परवडला.

तोवर तीन वर्षं मी दमलेलीच होते. वय बावन्न, पाळी गेलेली, काम हिशोब तपासण्याचं. सकाळी उठताना डोकं दगडासारखं जड, रात्री तीन-तीनदा बाथरूमच्या फेऱ्या, दुपारी आकड्यांच्या रांगा डोळ्यांसमोर विरघळायच्या. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी 'हे वयच तसं' म्हणून आराम करायला सांगितलं. घोरण्याबद्दल कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. घोरतात ते पुरुष, असा माझा स्वतःचाच समज. नवरा बिचारा सभ्य माणूस, मुकाट्याने उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचा. शेवटी लेकीने एका रात्री मोबाइलवर माझा आवाज टिपला आणि सकाळी ऐकवला. घोरणं मोठं होतंच, पण अंगावर आली ती मधली शांतता. घर्रघर्र, घर्रघर्र, मग काहीच नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. सव्वीसला पोचले तेव्हा कुठे बुडणारं माणूस पाण्यावर यावं तसा एक आचका ऐकू आला.

झोपेच्या डॉक्टरांनी आधी एक साधा कागद पुढे केला. आठ प्रसंग, आणि प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन. बसून वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर, असं करत करत शेवटचा प्रसंग होता रहदारीत गाडी दोन-चार मिनिटं थांबलेली असताना. मी पेन खाली ठेवलं. ही प्रश्नावली १९९१ सालापासून जगभर वापरतात म्हणे. दहाच्या वर गेलात तर दिवसाची झोप जास्त. माझी बेरीज सतरा.

मग डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र. निकाल असा: दर तासाला अडतीस वेळा श्वास थांबतो किंवा अगदी उथळ होतो. तिसाच्या पुढे गेलं की हा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, तीव्र धरतात. थांबणं म्हणजे कमीत कमी दहा सेकंद. माझं सगळ्यात लांब थांबणं एक्केचाळीस सेकंदांचं. रक्तातला प्राणवायू शहात्तर टक्क्यांपर्यंत उतरलेला. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं, हेही तेव्हाच कळलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास आत ओढताना मऊ भिंती एकमेकींना चिकटतात, वाट बंद होते. मेंदू अर्धवट जागा होऊन ती उघडतो, आणि हे रात्रभर चालतं. मी मान डोलावत होते. समजलं होतं असं नाही. त्या दिवशी डोक्यात शिरलं ते एकच वाक्य: "उपचार बसेपर्यंत स्टीअरिंगला हात लावायचा नाही."

उपचार म्हणजे सीपॅपचं यंत्र. उशाशी एक डबा, त्याला सहा फुटी नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. डब्यातून सतत हवा येते आणि ती हवाच घशाला आतून आधार देते. माझा दाब ठरला अकरा. पाण्यात अकरा सेंटिमीटर खोल बुडवलेल्या स्ट्रॉमधून बुडबुडा काढायला जेवढी फुंकर लागते, तेवढा. ऐकायला किरकोळ वाटतं. पहिल्या रात्री मात्र चालत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखं वाटलं. काही बोलायला म्हणून तोंड उघडलं तर नाकातून शिरलेली हवा तोंडातून भस्सकन बाहेर! नवऱ्याला हसू आवरेना. मलाही आलं असतं, पण हसलं की मास्क सुटायचा.

पुढचे पंधरा दिवस हसण्यासारखे नव्हते. मास्क सैल ठेवला की डोळ्याच्या कोपऱ्यात वारा आणि बारीक शिट्टी. आवळला की सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ. झोपेत हवा गिळून पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. एकदा तर नळीत साचलेलं पाणी पहाटे तीनला थेट नाकात. यंत्रात हवा दमट करायला ऊर्ध्वपातित पाणी घालतात. खोली गार असली की त्या वाफेचं नळीत पाणी होतं. मी ओरडत उठले, नवरा चोर शिरला समजून काठी घेऊन धावत आला. मास्क बऱ्याच सकाळी उशीखाली सापडायचा. कधी काढला, देव जाणे.

गाडीची गोष्ट या जागरणांतूनच सुरू झाली. आमची गाडी लेक तिच्या नोकरीच्या गावी घेऊन गेली होती, दुसरी लागणारच होती. रात्री दोनला मास्क लावून टक्क जागी मी जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचत बसायचे. हत्तीची सोंड लावून मोबाइल चाळणारी बाई, असं दृश्य. तशात ही सापडली: सतरा वर्षांची, लांबलचक, मागे खोक्यासारखी चौकोनी, स्टेशन वॅगन. रंग विटका बदामी. टचस्क्रीन नाही, काचेचं छप्पर नाही, काहीच नाही. पण खिडक्या मोठ्या, बसायची जागा ऐसपैस, आणि मागची सीट पाडली की पूर्ण माणूस झोपेल एवढी डिकी. दिराने फोटो बघून विचारलं, "वहिनी, शववाहिकेचा धंदा काढताय?" हल्ली सगळ्यांना उंच, रागीट तोंडाच्या गाड्या हव्यात. अशा वॅगन कोणी विचारत नाही म्हणूनच नीट ठेवलेली गाडी बेताच्या पैशात मिळते, हा माझा हिशोब होता. अजूनही तो बरोबर वाटतो.

मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम इंजिन बरीच पापं झाकतं. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवला, गार होतं. तेलाचं झाकण उघडून खालून बघितलं, दुधाळ साय नव्हती, म्हणजे तेलात पाणी जात नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवरून फिरवलं. मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला ते चिकटेना, तिथे पुट्टी भरलेली. मालक आजोबांनी लगेच कबूल केलं, खांबाला घासली होती. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, आणि त्या हिशोबाने चारही टायर आठ वर्षांचे. नक्षी शाबूत, रबर मात्र कडक. ते बदलणं आलं. आजोबांनी मग एक वही काढली. सतरा वर्षांत भरलेलं प्रत्येक वेळचं इंधन, किलोमीटर, तेल, फिल्टर, सगळं टाकाच्या अक्षरात. मी आयुष्यभर लोकांचे हिशोब तपासले आहेत, खरी वही हाताला कळते. शेवटच्या दोन वर्षांत अक्षर थरथरायला लागलं होतं आणि नोंदी विरळ झाल्या होत्या. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद होती, पण अकरा वर्षांपूर्वीची. तो पट्टा नुसत्या किलोमीटरवर नाही, वयावरही बदलायचा असतो.

चालवून बघितली नवऱ्याने. मी शेजारी, कान टवकारून. धूर निळा नाही, काळा नाही. पण चढावर जोर मागितला की गाडी धापा टाकायची. जोर यायचा, मग अडायचा, मग एकदम आचका देऊन पुढे. मला तो आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

गॅरेजवाल्या काकांनी बोनेट उघडलं, नवऱ्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि मला म्हणाले, "ताई, इकडे या. ही काळी नळी बघत राहा." एअर फिल्टरपासून इंजिनपर्यंत जाणारी घड्याघड्यांची रबरी नळी, मनगटाएवढी जाड. नवऱ्याने पाय दाबला. इंजिनाने हवा ओढली आणि माझ्या डोळ्यांदेखत नळीच्या भिंती आत गेल्या, एकमेकींना टेकल्या, बंद. इंजिन गुदमरलं. पाय सुटला तशी नळी पुन्हा फुगून गोल. काकांनी बोटांनी ती दाबून दाखवली. उकडलेल्या भाजीसारखी गिळगिळीत. "वयाने आणि तेलाने मऊ पडली. इंजिन जेवढं जोरात ओढणार तेवढी ही मिटणार. त्यात फिल्टर चोंदलेला, म्हणजे ओढ आणखी वाढते."

माझा हात नकळत गळ्यावर गेला होता.

महिनाभर डॉक्टर जे सांगत होते ते मला त्या बोनेटखाली दिसलं. नाक चोंदतं का, हे त्यांनी पहिल्याच भेटीत का विचारलं होतं, नाकातला फवारा आधी का सुरू केला होता, तेही. चोंदलेलं नाक म्हणजे चोंदलेला फिल्टर. मी काकांना विचारलं, "ओढण्याऐवजी मागून हवा ढकलली तर नळी मिटणार नाही ना?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "नाही मिटणार. पण मग टर्बोच बसवा की! या गाडीला नवी नळी पुरे." माझ्या घशाला नवी नळी मिळत नव्हती. टर्बो उशाशी होता.

गाडी घेतली. नळी, फिल्टर, टायमिंग बेल्ट, त्याच हाताने पाण्याचा पंप, चार टायर. कागद नावावर झाले. मग ती दोन महिने दारात उभी राहिली आणि नवऱ्याने चालवली, कारण मला परवानगी नव्हती. स्वतःच्या गाडीत प्रवासी म्हणून बसणं यासारखी शिक्षा नाही.

त्या नळीनंतर यंत्राशी भांडण कमी झालं एवढं खरं. आधी मी मास्क म्हणजे तोंडावर दाबलेला हात समजत होते. तंत्रज्ञ मुलगी चांगली भेटली. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही बसून पट्टे आवळता. आडव्या व्हा, हवा सुरू करा, आणि मग पट्टे लावा, झोपल्यावर चेहरा बदलतो." खरंच बदलतो. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास जागेपणी मास्क लावायचा, हेही तिनेच सांगितलं. शेवटी तो मास्क बदलून नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन छोट्या उशांचा घेतला, नळीला गरम ठेवणारी तार आली आणि पहाटेचं स्नान थांबलं. वैतागून मी या यंत्राचा इतिहासही वाचला. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष छापले. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवर चालायची आणि मास्क रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. हे वाचल्यावर माझ्या नाकावरच्या वळाची तक्रार करायला तोंड राहिलं नाही.

एका सकाळी जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि मी रात्री एकदाही उठले नव्हते. त्याचंही कारण डॉक्टरांनी सांगितलं. श्वास अडला की छातीत ओढ बसते, हृदय ताणलं जातं, त्याला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, आणि ते मूत्रपिंडांना कामाला लावतं. मी तीन वर्षं संध्याकाळी पाणी प्यायचं टाळत होते! मग स्वप्नं परत आली, भरघोस आणि बिनडोक. यंत्राच्या पडद्यावर अडतीसच्या जागी तीन दिसायला लागलं. दुपारचे आकडे विरघळायचे थांबले. थकवा मात्र एका रात्रीत गेला नाही. तो हप्त्याहप्त्याने गेला, आणि थोडा अजून आहे.

तीन महिन्यांनी तोच आठ प्रश्नांचा कागद. बेरीज सात. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. क्लच जड आहे, आरसे हाताने फिरवावे लागतात, आणि पहिल्या दिवशी मी दोनदा गाडी बंद पाडली. सिग्नलला थांबले तेव्हा हँडब्रेक ओढला. तो अजूनही ओढते.

त्या भेटीला मी काकांकडून मागून आणलेली जुनी नळी पिशवीत घालून नेली होती. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, तोंडाने एका बाजूने हवा ओढून बघा. त्यांनी तोंड लावायचं धाडस केलं नाही, पण तळव्याने एक टोक बंद करून ती दाबली, सोडली, पुन्हा दाबली. हाताला काळं लागलं. "ही मी ठेवून घेऊ का?" त्यांनी विचारलं, "पेशंटना दाखवायला." मी माझ्या तपासणीच्या अहवालाचं पाकीट रिकामं करून नळी त्यात घालून दिली.

गाडी आता डावीकडे जरा ओढतेय. बहुतेक नव्या टायरांचं अलाइनमेंट. सोमवारी काकांकडे टाकते.