देवाचे गोठणे: अखेर उत्तर सापडली

राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाच्या (कातळावर कोरलेल्या चित्राच्या) आराखड्यावर शेवटी उत्तरेचा बाण आला, आणि तोही कंपास न वापरता. आधीच्या तिन्ही मोजणींत मनुष्याकृतीची लांबी-रुंदी जुळली होती, दिशा मात्र दर खेपेला वेगळी. कोकणात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे एरवी कंपासवर डोळे मिटून विसंबता येतं. इथे तो चित्रावर जरा सरकवला की सुई फिरते. मोबाइलचा कंपासही चुंबकावरच चालतो, म्हणून तोही बाद. जीपीएसचे दोन बिंदू जोडावेत, तर ५० मीटरवर ५ मीटरची चूक म्हणजे जवळपास ६ अंश.

शेवटी सावलीच कामी आली. तीन बाय दोन फुटांची प्लायवुडची पाटी सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ठेवून पाणसळीने दोन्ही अंगांनी समतल केली. पाचरी पुठ्ठ्याच्या, कातळाला खिळा नाही, खडूही नाही. पाटी तिरकी राहिली तर दुपारची खूण आधी किंवा उशिरा पडते आणि रेघच फिरते. पाटीवर उभ्या काठीवर ३० सेंमी उंचीला आडवा वॉशर. नुसत्या टोकाची सावली पुसट पडते. वॉशरच्या भोकातून कवडसा येतो, त्याचा मध्य नेमका धरता येतो.

कवडशाच्या खुणेतून पाटीवर वर्तुळ काढायचं असतं. त्याचा मध्य काठीच्या बुडाशी धरू नका. भोकातून ओळंबा सोडा, तो टेकेल तो मध्य. सड्यावरच्या वाऱ्यात हलका ओळंबा ठरत नाही. गवंड्याचा जड पितळीच घ्यावा.

साडेदहाला कवडशावर खूण, त्या खुणेतून वर्तुळ, आणि कवडसा पुन्हा वर्तुळाला टेकला की दुसरी खूण. दोन्ही जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. राजापुरात फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सर्वांत उंच येतो १२:५० च्या सुमारास, म्हणून दुसरी खूण ३:१० ला. खुणांत जवळपास अर्धा मीटर अंतर, तेव्हा २ मिमी चुकलं तरी पाव अंशाच्या आत. पुढे लाइनदोरीने ती रेघ चित्राच्या चौकटीपर्यंत नेली. भर दुपारच्या सपाट उजेडात फोटो तसेही निघत नाहीत. तो वेळ असा सत्कारणी लागला याचा फार आनंद आहे.

पुढचा मुक्काम बारसू आणि तिथून अणुस्कुरा घाट असा ठरला होता. पण कशेळीच्या कातळशिल्पातल्या १८ मीटरच्या हत्तीच्या आराखड्यावरचा बाण अजून कंपासचाच आहे. देवाचे गोठणे आणि कशेळी ही दोन्ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आराखड्यात शंकास्पद बाण राहता कामा नये. म्हणून आधी कशेळी, घाट नंतर.

हे लिहिताना सुचलं: ३:१० ला नेमका ढग आला तर अख्खा दिवस वाया. कशेळीला १०, १०:३० आणि ११ अशी तीन वर्तुळं काढू.