फोटो इलो मा, मगे मारतास कित्याक?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. कुठेही पतंगांबद्दल बोलले की चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच: इतका स्वच्छ फोटो निघतो, मग नवीन प्रजाती म्हणून नाव द्यायला त्या जिवाला मारायची काय गरज? मला हे पहिल्यांदा विचारलं ते सावंतवाडीजवळच्या एका गावातल्या काकूंनी. त्यांच्या अंगणात मी पांढरी चादर टांगून दिवा लावला होता. तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा पतंग येऊन बसला. त्याच्यावर काचेची नळी धरली, तेवढ्यात मागून आवाज आला, "मोबाइलात फोटो इलो मा? मगे त्येका मारतास कित्याक?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही.

ॲटलाससारखा पसाभर पतंग फोटोवरून ओळखता येतो. पण भारतात पतंगांच्या 10,000 हून जास्त प्रजाती नोंदल्या आहेत आणि त्यांतले कितीतरी नखावर मावतील एवढे, मातकट रंगाचे. पंखांवरचे खवले झडले की नक्षी पुसट होते. एकाच प्रजातीचे नर-मादी वेगळे दिसतात आणि दोन वेगळ्या प्रजाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. अशा वेळी खरी ओळख पोटाच्या टोकाशी दडलेली असते, जननेंद्रियांत.

ती पाहायची तर पतंगाचं पोट अलगद वेगळं करून कॉस्टिक पोटॅशच्या 10 टक्के द्रावणात ठेवावं लागतं. चरबी, स्नायू विरघळून जातात आणि कायटिनचे कठीण भाग तेवढे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली आधी बारीक ब्रशने खवले झाडायचे आणि नंतर एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात सुई घेऊन आतलं उलगडायचं. नराच्या दोन बाजूंना मादीला धरून ठेवणाऱ्या पाकळ्या, वर एक आकडा, मधे नळी. त्या पाकळीची कड दातेरी आहे की गुळगुळीत, आकडा टोकाशी दुभंगलेला आहे का, नळीत काटे आहेत का, हे सगळं कागदावर काढायचं. पंख फिके पडले तरी हे आकार बदलत नाहीत. हात थरथरला तर नमुना गेला. असा एखादा गेला की मला दिवसभर चैन पडत नाही, कारण तो जीव मग फुकट गेला.

नुसत्या पंखांवर विसंबलं तर काय होतं आणि शरीर जपलं तर काय होतं, हे एडवर्ड मेरिक यांच्या कामात दिसतं. हे इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी 14,000 च्या आसपास बारीक पतंगांना नावं दिली. त्यांत आपल्याकडचेही पुष्कळ, कारवारहून गोळा करून पाठवलेलेसुद्धा. भारतातल्या पतंगांची त्यांची वर्णनं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आली. पण मेरिक हातभिंगाने पंख पाहायचे. जननेंद्रियांवरून ओळख करणं त्यांना मान्य नव्हतं. त्यामुळे आज ती वर्णनं वाचताना जीव मेटाकुटीला येतो. तेच वर्णन समोरच्या पाच पतंगांना लागू पडतं. मात्र मेरिक यांनी नमुने जपले होते. 1938 मध्ये ते गेल्यावर त्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे आला. पुढे गेट्स क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने त्यांतले नमुने उघडून पाहिले आणि 1955 पासून आठ खंडांत त्यांची चित्रं छापली. मेरिक यांच्या शब्दांत जे नव्हतं, ते त्या वाळलेल्या शरीरांत होतं.

2017 मध्ये एका पतंगाला डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव दिल्याची बातमी जगभर फिरली, कारण त्याच्या डोक्यावरचे खवले पिवळट पांढरे आहेत. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. कॅनडातले अभ्यासक वाझरिक नझारी कॅलिफोर्नियातल्या संग्रहातले, आधीच पकडून ठेवलेले नमुने तपासत होते. त्या पतंगाच्या वंशात तोवर एकच प्रजाती माहीत होती. जननेंद्रियं आणि डीएनए पाहिल्यावर काही नमुने तिच्याशी जुळेनात. नवीन प्रजाती तिथे पेटीतच होती, आणि पेटी ठेवली होती म्हणून सापडली. (आपल्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी याच कुळातली.)

डीएनएसाठी एक पाय पुरतो, हे खरं. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन निव्वळ फोटोंवरून झालं, तेही खरं. त्यावर खूप वाद झाला. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूची आहे. नाव ज्या एका नमुन्याला बांधलेलं असतं त्याला होलोटाइप म्हणतात. उद्या कुणाला माझं चुकलं असं वाटलं, तर त्याने तो उघडून माझ्याविरुद्ध पुरावा काढावा, एवढी सोय मला ठेवायलाच हवी. आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्यानेही नव्या प्रजातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो.

म्हणून मी मारते, पण मोजके. जो पतंग नजरेने ओळखता येतो त्याचा फोटो घेऊन त्याला सोडून देते. पहाटे दिवा विझवला की चादर झाडावर नेऊन हळूच झटकते, म्हणजे किडे टिपणारे कोतवाल पक्षी येण्याआधी बाकीचे पानांआड जातात.

काकूंच्या अंगणातला तो पतंग अजून बिननावाचा आहे. कारवारच्या एका जुन्या पतंगाशी तो बराच जुळतो. त्या जुन्याच्या जननेंद्रियांची स्लाइड लंडनला आहे. पाकळीच्या कडेचा जवळून फोटो मागवलाय. टाचणीखालच्या लेबलावर तारीख आणि काकूंच्या गावाचं नाव मी त्याच रात्री, त्यांच्या ओटीवर बसून लिहिलं होतं.