आमची वाटचाल : बसून खाणाऱ्यांच्या जिवावर

गंगापूर रोडला आमचं पिझ्झाचं दुकान २०११च्या दसऱ्याला सुरू झालं. त्या काळी नाशकातला घरगुती पिझ्झा आठवा. बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर केचप, कांदा, शिमला मिरची आणि किसलेलं अमूल. तव्यावर झाकण ठेवून गरम केला की झाला. चेनवाल्यांची दुकानं आली होती, पण तिथलं चौघांचं बिल एकदा पाहिलेला माणूस पुढच्या रविवारी मुकाट्याने मिसळीला जायचा. या दोन्हींच्या मधली जागा रिकामी होती, ती आम्ही धरली. आम्ही म्हणजे मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्याचं नाव इथे घेणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

डेक ओव्हन गॅसचा घेतला, कारण तेव्हा भारनियमन होतं. रात्री आठला वीज गेली असती तर इलेक्ट्रिक ओव्हनला हात जोडून बसावं लागलं असतं. दोन डेक, म्हणजे एकावर एक कप्पे, आत दगडी लादी. विकणाऱ्याने सांगितलं, सगळीकडे सारखा तापतो. तो सारखा तापत नाही हे आम्हाला एका गिऱ्हाइकाने दाखवलं.

त्यांना आम्ही ओझरचे काका म्हणतो. एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, मिग विमानांच्या काळातले. सुरुवातीच्या दिवसांत एका गुरुवारी काकूंना घेऊन आले, शांतपणे खाल्लं, बिल दिलं आणि मग काउंटरवर येऊन म्हणाले, "अरे, तुझ्या ओव्हनचा पुढचा डावा कोपरा थंड आहे." आत डोकावूनही पाहिलं नव्हतं. प्रत्येक तुकडा उलटा करून बूड बघत होते. एका बाजूचे तुकडे खालून पांढरट निघाले, एवढ्यावरून ओळखलं. पुढच्या गुरुवारी खिशात लेझरचा थर्मामीटर घेऊन हजर. लादी मागे ३१५ अंश, पुढे डावीकडे २६०. दाराची बिजागरी किंचित वाकलेली होती आणि त्या फटीतून गरम हवा बाहेर जात होती. काकांनी पाना मागितला, मला बाजूला केलं आणि दहा मिनिटांत दार चपखल बसवून दिलं. तरी पिझ्झा अर्ध्यात एकदा फिरवायचाच, ही शिस्त त्यांनीच लावली.

त्यासाठी फावडी दोन लागतात. लाकडी आत सोडायला, पत्र्याचं फिरवायला आणि काढायला. लाकडी फावड्यावर बारीक रवा भुरभुरायचा, कोरडा मैदा नाही. मैदा लादीवर जळतो, त्याची काजळी बुडाला लागते आणि पिझ्झा कडू होतो. मग गिऱ्हाईक म्हणतं सॉस कडू आहे, आणि तुम्ही सॉसमध्ये साखर घालत बसता. अनेक ठिकाणी सॉस गोड का लागतो, याचं एक कारण हे.

पिठाचं तर नाशकात वेगळंच गणित आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, तेव्हा आमच्या गोळ्यांनाही हुडहुडी भरते आणि ते फुगायचं नाव घेत नाहीत. मे महिन्यात उलटं, बर्फाचं पाणी वापरलं नाही तर दुपारीच आंबट वास सुटतो. आम्ही गोळे दोन दिवस फ्रीजमध्ये मुरवतो. त्याने चवीत काय फरक पडतो, ते मी मेन्यूवर छापत नाही. परत आलेल्या ताटल्या बघतो. पूर्वी त्याच दिवशीचं पीठ वापरायचो तेव्हा ताटल्यांत कडा उरायच्या, लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हमखास. गोळे मुरवायला लागलो आणि कडा उरेनाशा झाल्या. लोक तोंडावर "छान होतं हं" म्हणतात, नाशिककर माणूस तसा भिडस्तच. खरं काय ते ताटली सांगते. हॉटेल काढणाऱ्या प्रत्येकाने रोज तासभर बेसिनपाशी उभं राहावं, हा माझा फुकटचा सल्ला.

२०१२ ते २०१७ दुकान चाललं. चांगलं चाललं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये रेस्टॉरंटांचा जीएसटी पाच टक्के झाला आणि इनपुट क्रेडिट गेलं. म्हणजे नवा मिक्सर घेताना भरलेला कर आपल्याच बोडक्यावर. पण त्याचं रडगाणं सगळेच गातात, मी सोडून देतो.

आता भागीदाराकडे येतो. ॲपवाले आले तसं त्याच्या डोक्यात पार्सल शिरलं. तो म्हणायचा, "टेबलं काढून टाकू भाऊ, तिथे दुसरा ओव्हन बसवू. बसणारा माणूस एक पिझ्झा घेऊन तासभर एसी खातो." हिशोब कागदावर बरोबर होता. कॉलेजची पोरं खरंच नऊ इंची एक पिझ्झा चौघांत खायची, आणि जाताना चिली फ्लेक्सच्या पुड्या मूठभर खिशात. पण पिझ्झा डब्यात घातला की पाच-सात मिनिटांत स्वतःच्या वाफेने मऊ पडतो. डब्याला भोकं पाडा, मध्ये ते तीन पायांचं प्लास्टिकचं स्टूल ठेवा, काही उपयोग नाही. दोन दिवस पीठ मुरवायचं, लादी तापवायची आणि शेवटी गिऱ्हाइकाला ओलसर पुठ्ठा खायला द्यायचा, हे मला पटत नव्हतं. फोनवरची पार्सलं द्यायचोच, पण मी टेबलं काढू दिली नाहीत.

२०१८च्या अक्षय्य तृतीयेला त्याने रस्त्याच्या पलीकडे स्वतःचं दुकान उघडलं. आमचा मुख्य कारागीर नेला. मेन्यू नेला, इतका जसाच्या तसा की हालापिनोच्या स्पेलिंगमधली आमची चूकही त्याच्या कार्डावर छापून आली. काकांनी मापात बनवून दिलेलं लाकडी फावडं नेलं. या सगळ्याचं एक वेळ मी काही म्हणालो नसतो. त्याने फोन नंबर नेला.

दुकानाचा मोबाइल नंबर पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर होता. शेवटी चार शून्य असलेला नंबर, त्याच्या मामांनी खटपट करून मिळवलेला, म्हणून दोघंही खूश होतो. तोच नंबर प्रत्येक डब्यावर आणि हॅण्डबिलावर. कॉलेज रोड, पंडित कॉलनी, सावरकरनगर, आनंदवली, कुठल्याही घरात जा, फ्रीजवर आमचं मॅग्नेट आणि मॅग्नेटवर तो नंबर. आता लोक आम्हाला फोन लावायचे आणि उचलायचा तो. "हो हो, आम्हीच, बोला ना." खोटं बोलला असंही म्हणता येत नाही. आवाज ओळखीचाच होता.

निम्म्याहून जास्त धंदा फोनवरचा होता, तो महिनाभरात आटला. भाडं थकलं, पोरांचे पगार दोन हप्त्यांत दिले, बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. (सोडवल्या. तिने ही ओळ वाचून तेवढं लिहायला सांगितलं आहे.) समोर मात्र 'एकावर एक फ्री'चा बोर्ड आणि डिलिव्हरीच्या पोरांची रांग.

अशात एका दुपारी पंडित कॉलनीतल्या एक बाई डबा घेऊन तणतणत आल्या. "काल तुमच्याकडून मागवला. गार झाल्यावर चीज रबरासारखं ताणलं जातंय, मुलाने टाकून दिला." डबा आमचाच होता, जाताना त्याने डब्यांचे गठ्ठेही उचलले होते. मी तुकडा उलटा केला. बुडाला रव्याचा कण नाही, भोकं यंत्राने पाडल्यासारखी सारख्या अंतरावर. तयार बेस. चीजवर तेलाची पिवळट चमक आणि खाली घट्ट चामडं, म्हणजे वनस्पती तेलाचं नकली चीज, ॲनालॉग. खऱ्या मोझरेलाच्या निम्म्या भावात मिळतं, 'एकावर एक फ्री' येतं ते तिथून. बाईंशी वाद घातला नाही. म्हटलं, ताई, बसा. ओव्हनसमोरच्या टेबलावर बसवलं, त्यांच्यासमोर गोळा थापला आणि पिझ्झा करून दिला. पैसे घेतले नाहीत. खाऊन झाल्यावर त्यांनी रस्त्यापलीकडच्या बोर्डाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "मग काल फोन कोणी उचलला?"

त्या बाईंनी त्यांच्या सोसायटीत जे सांगितलं असेल त्याचं मोल कुठल्या जाहिरातीला नाही. पण दुकान तगलं ते एकूणच बसून खाणाऱ्यांमुळे. त्यांनी कधी फोन लावलेलाच नव्हता, त्यामुळे त्यांना पळवता आलं नाही. काकांनी गुरुवारी एचएएलमधल्या पेन्शनरांचा अख्खा कट्टा आणायला सुरुवात केली. ही मंडळी तिखट कमी, चीज कमी, गप्पा भरपूर. जैन कुटुंबं आली, कारण आमच्याकडे त्यांचा पाट, कटर आणि सॉसची पळी पहिल्यापासून वेगळी आणि ती त्यांना टेबलावरून दिसते. शनिवारी वायनरीतून आणि गंगापूर धरणाकडून परतणारे मुंबईकर. त्यांच्यातल्या एकाने, इटलीला जाऊन आलेल्या, मला सांगितलं की नेपल्सला पिझ्झा ४८५ अंशांवर दीड मिनिटात निघतो आणि २०१७मध्ये युनेस्कोने त्यांची कला वारसा यादीत घेतली. मी म्हटलं, साहेब, तिथे लाकडाची भट्टी आहे. आमची लादी ३१५वर, आम्हाला सहा मिनिटं द्या. दिली, आणि दुसरा मागवला. आज्या अजून चमचा मागतात. आम्ही देतो. केचपही देतो, पण तोंड वाकडं करून.

लॉकडाऊनचं सगळ्यांनी लिहिलंय. आमच्यापुरतं सांगायचं तर ५ ऑक्टोबर २०२०ला निम्म्या क्षमतेने बसायला परवानगी मिळाली. त्या संध्याकाळी लोक मास्क हनुवटीवर ओढून एक-एक टेबल सोडून बसले होते आणि पार्सल कोणी मागत नव्हतं.

समोरचं दुकान २०२२मध्ये बंद झालं. एकोणीस किलोचा सिलिंडर दोन हजारांच्या वर गेला होता, ॲपचं कमिशन होतं, सवलत तर खिशातून. मला आनंद झाला का? झाला. दोघांच्या ओळखीच्या एकाने निरोप आणला की ओव्हन विकायचा आहे, बघतोस का. गेलो. खालच्या डेकची लादी तडकलेली, दार लोंबत होतं, एकाही हंगामात कोणी बिजागरीला हात लावलेला नव्हता. मी भंगाराचा भाव सांगितला. त्याला राग आला. अंबडला भंगारवाल्याने त्याहून कमी दिले, असं नंतर कळलं.

नव्याने काही सुरू करणाऱ्या पोरांना सांगतो, कारण विचारत कोणीच नाही. सिमकार्ड फर्मच्या नावावर घ्या. पार्टनरशिप डीडमध्ये फोन नंबर, डब्यांच्या छपाईचा ब्लॉक आणि फावड्यापर्यंत सगळं लिहा, वकील हसला तरी लिहा. मोझरेला आदल्या रात्री किसून ठेवू नका, पाणी सुटतं. आणि सॉस टोमॅटोचाच करा. पिंपळगावचा बाजार तासाभरावर आहे. २०२१च्या ऑगस्टमध्ये शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले तेव्हाही आम्ही क्रेटने घेतला, आणि २०२३च्या जुलैत शंभरी पार गेला तेव्हाही. बाटलीतली प्युरी दुकानात आणली नाही.

आता शेजारचा गाळा घेतलाय. कर्ज देताना बँकेतल्या साहेबांनी विचारलं, तिथे क्लाउड किचन, म्हणजे टेबलांशिवाय नुसतं पार्सलचं किचन, का टाकत नाही, भाडं लवकर सुटेल. तिथे फक्त टेबलं लागणार आहेत आणि ओव्हन दिसावा म्हणून मधली भिंत कमरेपर्यंत उतरवलीय. ओव्हनसमोरचं पहिलं टेबल गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ राखीव असतं. कोणासाठी, ते काउंटरवर विचारू नका. शनिवारी यायचं असेल तर सातच्या आत या.