कर्ता कुठाय?

रविवारी नसरापूरला भाचीचं लग्न होतं. आदल्या दिवशी बांगड्या भरल्या, दोन्ही हातांत सात-सात, हिरव्या, काचेच्या. सोमवारी आठची ड्यूटी. धायरीतून निघताना काढायला गेले तर निघेनात. मे महिन्यात माझे हात सुजतात. शिवाय लग्नात भरलेल्या बांगड्या दुसऱ्याच दिवशी उतरवल्या म्हणून सासूबाई बोलल्या असत्या ते वेगळंच. आमच्या वृद्धाश्रमात नियम आहे, हातात काही नको. मी बाह्या खाली ओढल्या, वरून रबरबँड लावले आणि कामाला लागले.

पावणेदहाला आजींची आंघोळ उरकली. आजी ८६ वर्षांच्या, पेठेतल्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या. अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यामुळे इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू. रक्त पातळ, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. एक, दोन, तीन म्हणून खुर्चीवरून उठवलं. त्यांचा तोल जरा गेला, मी घाईत मनगटाच्या वर धरलं. ओली बाही तेवढ्यात वर सरकली होती. कट् असा आवाज आला.

आधी वाटलं नुसती बांगडीच गेली. मग त्यांच्या डाव्या हातावर पाहिलं. कातडीचा त्रिकोणी तुकडा सुटून एका कडेला गोळा झालेला, ओल्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा. रक्त लगेच नाही आलं. दोन सेकंदांनी आलं, आणि मग थांबेना.

आजी शांत. "अगं, बस आधी. तुझाच चेहरा पांढरा पडलाय."

बसले नाही. त्यांना व्हीलचेअरवर नीट बसवलं, बेल दाबली, हातमोजे चढवले, स्वच्छ गॉज ठेवून दाबून धरलं आणि त्यांचा हात उशीवर उंच केला. घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही, हे सगळ्यात अवघड. बघितलं की जमत आलेली गाठ सुटते आणि पहिल्यापासून सुरुवात. मावशी तेवढ्यात स्वयंपाकघरातून हळदीची वाटी घेऊन आल्या. आजी त्यांच्या बाजूच्या होत्या, म्हणाल्या, "दाब की चिमूटभर." नाही दाबली. हळद काय किंवा नुसतं डेटॉल काय, अशा कातडीवर नकोच. कापूसही नको, त्याचे धागे जखमेत अडकतात.

रक्त थांबायला बारा मिनिटं लागली. मग सलाईनने धुतलं आणि ओल्या गॉजने तो गोळा झालेला पापुद्रा हळूहळू उलगडून जागेवर सरकवला. तो कापून टाकायचा नसतो. तेच त्या जखमेचं स्वतःचं झाकण. वर पॅराफिन गॉज, त्यावर पॅड, त्यावर रोलर बँडेज. चिकटपट्टी कातडीला लावली नाही, ती काढताना दुसरी जखम होते. बोटं गरम आहेत, बँडेज आवळलेलं नाही हे पाहिलं. शेवटी पेनने बँडेजवर तारीख घातली आणि एक बाण काढला. पापुद्रा ज्या दिशेला बसवलाय त्या दिशेचा, म्हणजे पुढच्या वेळी सोडणारी उलटं ओढणार नाही.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी टीटी, म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, कधी दिलंय विचारलं. फाईलमध्ये २०२१ची नोंद सापडली. जखम स्वच्छ आहे, दहा वर्षं झालेली नाहीत, आता नको म्हणाले. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, हेही बजावलं.

इथपर्यंत माझे हात थरथरले नव्हते. रजिस्टर उघडलं तेव्हा थरथरले.

बरोबरची सिस्टर हळूच म्हणाली, "लिही ना, बाथरूमच्या कडीला घासलं. कोण बघतंय?" वाईट नाही ती, माझ्याच भल्यासाठी सांगत होती. मी तसं लिहिलं नाही. पण जे लिहिलं तेही फार शूरपणाचं नव्हतं: "स. ९.४५ वा. आजींच्या डाव्या हाताला लागले. अडीच सें.मी. खरचटले."

आजींनी रजिस्टर मागितलं. द्यायचं असतं की नाही देव जाणे, मी दिलं. चष्मा लावून वाचलं. "खरचटले? कातडी फाटल्ये. आणि लागले... कर्ता कुठाय यात?"

मराठीत ही सोय फार आहे बघा. दूध उतू गेलं, कप फुटला, आजींना लागलं. कुणी काही केलेलंच नसतं. बांगडीच्या बाबतीत तर आणखी मजा, ती फुटतसुद्धा नाही, ती 'वाढते'. मी खाली पुन्हा लिहिलं: "उठवताना माझ्या हातातली काचेची बांगडी फुटून आजींच्या हाताची कातडी फाटली. बांगड्या घालणे नियमाविरुद्ध होते." सही केली. आजींनी 'विरुद्ध' नीट बघितलं आणि मान हलवली.

मुलगा न्यू जर्सीत, तिथे तेव्हा रात्रीचे एक वाजून गेले असणार. त्याला मेसेज ठेवला आणि कोथरूडच्या मुलीला फोन लावला. ताई साडेपाचला आल्या. "बांगड्या घालून उचलत होतात तुम्ही?" मी हो म्हणाले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग टाके का नाही घातले विचारलं. इतकी पातळ कातडी टाका धरत नाही, आणखी फाटते, हे सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही. जाताना माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "उद्या येते."

मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. बांगड्या दुपारीच उतरवल्या, हाताला प्लॅस्टिकची पिशवी आणि वर साबण. तेरा निघाल्या. सासूबाईंनी रात्री हात बघितले आणि ताट वाढलं, एवढंच.

शुक्रवारी ड्रेसिंग सोडलं. गॉज थोडं वाळलं होतं, सलाईनने भिजवत बाणाच्या दिशेने सोडवलं. पापुद्रा धरला होता, गुलाबी. टोकाला तांदळाएवढं काळं दिसलं, ते डॉक्टर सोमवारी बघणार आहेत. आजी पंख्याकडे बघत बसल्या होत्या.

"हा बाण कुणी शिकवला तुला?"

"जुन्या कामाच्या ठिकाणी एक सिस्टर होत्या, त्यांनी."

"कुठल्या शाळेतली गं ती?"