आमची वाटचाल: कोपरे जोडणाऱ्या मशीनच्या संगतीत

फ्रेमवाल्याला पट्टी, काच, माऊंट यांबद्दल विचारा, तासभर बोलेल. फ्रेमचे कोपरे खालून नेल ठोकून जोडणाऱ्या मशीनचा, म्हणजे अंडरपिनरचा विषय काढला की म्हणतो, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" आमचं पोट याच उत्तरावर भरतं. कोपरे उघडायला लागले की मशीन आमच्या दारात येतं.

सुरुवात मी आणि माझ्या भागीदाराने केली. त्याला कॉम्प्रेसर कळायचा, मला लाकूड. आधी पायाने दाबायची मशीनं, मग हवेवरची. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका पुरवठादाराबद्दल. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेलच.

एका मोठ्या फ्रेमवाल्याच्या ओकच्या फ्रेमा भिंतीवर गेल्यावर कोपऱ्यात उघडू लागल्या. त्याच्या मशीनची सर्व्हिसिंग आम्ही नुकतीच केली होती. मशीन आणि व्ही नेल (कोपरा जोडणारे व्ही आकाराचे पत्र्याचे खिळे) दोन्ही विकणाऱ्या या पुरवठादाराने जो भेटेल त्याला सांगितलं, की आम्ही मशीनची वाट लावली. वर सल्ला: नवीन घ्या. गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली, भाडं थकलं, भागीदार हिशेब करून मोकळा झाला. त्याला दोष देत नाही. पण जाताना कॉम्प्रेसर घेऊन गेला, हे विसरलोही नाही.

उभे राहिले ते काका, आमचं पहिलं गिऱ्हाईक. उघडलेली एक फ्रेम पिशवीत घालून आले आणि म्हणाले, "भांडत बसू नकोस, सांधा फोड." फोडला. नेल अर्ध्यात दुमडून बसलेला, वरची धार लाकडात पुरती शिरलेलीच नाही. पाकीट मागवून पाहिलं, तर सॉफ्टवुडसाठीचा, म्हणजे मऊ लाकडाला लागणारा नेल! ओकसारख्या कठीण लाकडात तो वाकणारच, आणि हवेचा दाब वाढवला की आणखी वाकतो. काकांच्याच कॉम्प्रेसरवर, त्याच मशीनने, हार्डवुडसाठीचे, म्हणजे कठीण लाकडाचे नेल घालून नवा कोपरा जोडला. दोन्ही कोपरे काकांनी त्या फ्रेमवाल्याच्या काउंटरवर नेऊन ठेवले. पुरवठादार "माल बदलून देतो" म्हणाला. माफीचा शब्द आजतागायत नाही.

तेव्हापासून मशीन आलं की आम्ही आधी पट्टी आणि नेल मागतो, स्क्रूड्रायव्हर नंतर. नेल पूर्ण आत जात नसेल तर हेड उघडून बघा. नेलच्या पट्ट्या ज्या गोंदाने चिकटवलेल्या असतात तो तिथे साठून कडक होतो आणि ठोकणारी पाती अडते. पातीची कड गोलावली असेल तर ती बदला, घासत बसू नका. कोपरा मागून घट्ट आणि दर्शनी बाजूला फट दिसत असेल तर पट्टी वरून दाबून धरणारा पॅड तपासा. तो मऊ पडला की नेल ठोकताना पट्टी वर उचलली जाते. उलट फार कडक पॅडने पॉलिशवर वळ उठतात. नेल बाहेरच्या टोकाला फार जवळ मारला तर लाकूड चिरतं, हे शिकाऊ पोरांना सांगून आमचा घसा बसलाय.

आणि शेवटचाच कोपरा जमत नसेल तर मशीनला शिव्या देऊ नका. एका फ्रेमच्या चार पट्ट्यांना मिळून आठ काप. प्रत्येकी अर्धा अंश जास्त लागला तर चौथ्या कोपऱ्यात चार अंशांची फट जमा होते. तिथे आमच्याकडे नाही, पट्टी कापणाऱ्या कटरकडे जा. गोंद मात्र लावाच; नुसत्या नेलवर विसंबणारे आमचे नियमित गिऱ्हाईक होतात. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा, नाहीतर सिलिंडर गंजतो.

तो पुरवठादार अजून धंद्यात आहे. अडलेली मशीनं हल्ली तिसऱ्याच माणसाच्या नावाने आमच्याकडे पाठवतो. आम्ही ती नीट करतो आणि बिल पुरवठादाराच्याच नावाने फाडतो.