जगात भारी

परवा दुपारी रंकाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक म्हैस भिंतीला मान घासत होती. भिंतीवर शाळेच्या पोरांनी काढलेलं चित्र होतं: दोन तळहात, त्यांवर निळी-हिरवी पृथ्वी आणि खाली 'वसुंधरा वाचवा'. म्हशीला गोचीड चावत असावी. तिनं आफ्रिकेपासून सुरुवात केली आणि रंगाचे पोपडे पाडत पार खालच्या समुद्रापर्यंत गेली. मी स्कूटर बंद करून बघत राहिले. दुसरा इलाजही नव्हता, कारण तिच्या बाकीच्या बहिणी रस्ता अडवून रवंथ करत होत्या, आणि कोल्हापुरात म्हशीला हॉर्न मारणारा माणूस बाहेरगावचा समजला जातो.

त्या तळहातांवर माझा जुनाच राग आहे. प्रत्येक शहरात, प्रत्येक सरकारी भिंतीवर तेच हात. गोरे, नखं कापलेली, मनगटाशी संपणारे. पुढचा माणूस कुणी काढत नाही. काढला तर त्याला उभं कुठं करायचं, हा प्रश्न येईल ना! पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं, आणि आपल्या जातीला इथं येऊन जेमतेम तीन लाख झाली. एवढ्या म्हातारीला आपण ओंजळीत घेऊन वाचवायला निघालोय. वाचवायचं असतं आपलं बस्तान. तसं लिहायला लाज वाटते म्हणून वसुंधरेचं नाव पुढं करायचं.

आता 'जगात भारी' म्हणवून घेण्यात आम्हा कोल्हापूरकरांचा हात कुणी धरणार नाही, हे मान्य. पण आम्ही निदान तांबडा-पांढरा वाढतो. माणूस नावाची जात कशाच्या जोरावर जगात भारी ठरली? आजी सांगायची, चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून मग हा जन्म मिळतो. त्या योनी मोजल्या कुणी? माणसानंच. कुस्ती आपलीच, पंच आपणच आणि गदाही आपल्याच खांद्यावर. समोरच्यानं लंगोट बांधलाय की नाही हेसुद्धा आपण बघितलेलं नाही.

म्हशी मात्र कुस्तीला उतरत नाहीत. त्या तशाच भारी असतात.

आमचं घर गंगावेशीजवळ होतं. संध्याकाळी दूध कट्ट्यावर पंढरपुरी म्हशी येऊन उभ्या राहायच्या. तलवारीसारखी लांब शिंगं, खांद्याच्याही मागं गेलेली. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. मला दुधापेक्षा आवाज आवडायचा. पहिली धार रिकाम्या चरवीच्या तळाला लागली की टण्ण वाजायची, मग फेस चढत जाईल तसा तो आवाज जाड, दबका होत जायचा. चरवी किती भरली ते मला डोळे मिटूनही सांगता यायचं. या विद्येचा पुढं आयुष्यात काडीचा उपयोग झाला नाही.

एकदा गवळीमामांना ताप भरला म्हणून त्यांचा मेव्हणा म्हशी घेऊन आला. कट्ट्यावर नेहमीची मंडळी जमलेली. कोर्टातून परस्पर आलेले एक वकील, तालमीतले दोन पैलवान आपापला तांब्या घेऊन, आमची आत्या, मी. मेव्हण्यानं कासेवर पाण्याचा हबका मारला, सडं चोळली, पुढ्यात सरकीची पेंड ठेवली. म्हशीनं पेंड खाल्ली आणि पान्हा चोरला. मेव्हणा गोड बोलला, मग आईबहिणीवर आला, मग पुन्हा गोड बोलला. कुणीतरी पळत जाऊन मामांचा सदरा आणला. तो त्यानं अंगात घातला. म्हशीनं सदऱ्याचा वास घेतला, मेव्हण्याच्या तोंडाकडं बघितलं आणि शेपटी फिरवली. वकीलसाहेब घड्याळ बघत होते. ज्यांच्या कमरेपर्यंतसुद्धा मी येत नव्हते ते पैलवान, "घे की गं बाय, सोड की गं," अशी विनवणी करत होते. शेवटी मामाच घोंगडं पांघरून आले. बोलले काहीच नाहीत. तिच्याजवळ उभं राहून नुसते खोकले. आणि चरवी टण्ण वाजली.

जनावर बुजलं की पान्ह्याचं संप्रेरक अडतं वगैरे पुढं वाचलं. पण त्या संध्याकाळी कट्ट्यावर सर्वश्रेष्ठ कोण, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मोठ्या माणसांचा जनावरांवरचा जीव हा मात्र अवघड मामला. आमच्या संस्थानात चित्ते पाळत. डोळ्यांवर झापड बांधून त्यांना गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट दिसलं की झापड काढायची. मोठा थाट होता त्या शिकारीचा. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेहून आणले, पण थाट मोडू दिला नाही. 1952 साली भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मग 2022 च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते विमानानं आले, त्यांना कुनोच्या जंगलात सोडलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आधी संपवायचं, मग आणायचं, मग नावं ठेवायची आणि बारसं जेवायचं.

आणि नांदणीची हत्तीण? 2025 च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानं महादेवीला मठातून गुजरातला नेलं तेव्हा शिरोळ तालुका रस्त्यावर उतरला होता. तीस वर्षांहून जास्त काळ ती गावात राहिलेली. बायका पदर डोळ्याला लावून रडत होत्या, माणसं तिच्या सोंडेला हात लावत होती. ते रडणं खोटं नव्हतं. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत होते की तिचे पाय बघा, तिला उपचार हवेत, तिच्यासारख्यांची सोबत हवी. तेही खोटं बोलत नव्हते. दोन्हीकडं एकच वाक्य होतं, "तिच्या भल्यासाठी." आमच्या घरात यावरून जेवताना भांडण झालं आणि आमटी गार झाली. कुणाच्या बाजूनं बोलावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फक्त एवढंच जाणवलं की आपल्याला तिच्याविषयी सगळं माहीत आहे, याची प्रत्येकाला खात्री होती.

2018 साली काही शास्त्रज्ञांनी जगातल्या सस्तन प्राण्यांचं एकूण वजन काढलं. त्यातलं 60 टक्के आपण पाळलेल्या जनावरांचं, 36 टक्के आपलं स्वतःचं, आणि वाघ, हत्ती, गवे, देवमासे, उंदीर-घुशी सगळे धरून उरलेले 4 टक्के. म्हणजे तराजूवरसुद्धा माणूस पहिला नाही. पहिल्या त्याच्या गाई-म्हशीच.

चिखलीच्या माझ्या काकूंना हा हिशेब सांगितला तर त्या म्हणाल्या, "वजन करून काय विकायचंय?"

काकूंचं गाव पंचगंगेच्या काठी. 2019 च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर नदी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून आणखी बारा फूट वर चढली, तेव्हा त्या भागात कित्येकांनी जनावरं सोडून बोटीत बसायला नकार दिला होता. काकाही बसेनात. कंबरेएवढ्या पाण्यात ते गोठ्यात शिरले. दावी भिजून फुगलेली, निरगाठी काही केल्या सुटेनात. शेवटी विळ्यानं कापली. पाणी उतरल्यावर दोन म्हशी सोनतळीच्या माळावर सापडल्या. रेडकू सापडलं नाही. त्यानंतर काका बरेच दिवस गोठ्याकडं फिरकले नाहीत. धारा काकूच काढायच्या.

तेव्हापासून जून लागला की काकू सगळ्या दाव्यांना सुरगाठ मारतात. एक हिसडा दिला की मोकळं. मागच्या पावसाळ्यात गेले होते तेव्हा त्यांनी मला मारून दाखवली, मग माझ्याकडून मारून घेतली, आणि "शहरातल्या पोरींना गाठसुद्धा येत न्हाई," असं म्हणून पुन्हा सोडून स्वतःच मारली.

"काकू, एवढी सोपी आहे तर बारा महिने अशीच का बांधत नाही?"

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मला मेव्हण्याची आठवण झाली.

"आणि सुटून गेल्या म्हंजे?"